उरलेला वाटा

शालिकरामाला मरून तीन वर्षं झाली होती, आणि येत्या गुरुवारी त्याला तलावात उतरून जाळं ओढायचं होतं.

ही बातमी केवळरामनं सकाळीच अंगणात येऊन दिली. तीही बशीत चहा ओतता ओतता, जणू कुणाच्या लग्नाची तारीख सांगतोय. केवळराम हा कुंभळटोल्याच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. देवरीकडच्या जंगलाला टेकलेला हा ढिवर मच्छीमारांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. त्याच्या उशाला मालगुजारांच्या वेळचा मोठा तलाव, आणि त्या तलावाचा ठेका संस्थेकडे. भागीरथा, म्हणजे शालिकरामाची बायको, मोहाची फुलं वाळत घालत होती. तिचा हात परडीतच राहिला.

"कोन उतरनार म्हनता?"

"शालिकराम. म्हंजे त्याच्या नावाचा कोनीतरी," केवळराम म्हणाला. "आईक वहिनी. आपन संस्थेतून दरसाल वर लिहून देतो का टोल्यात चारीस-पंचेचारीस मानसं मासेमारी करतेत, धंदा बढिया हाय. अना थे घरोघरी सर्व्हे करनारी पोरगी आल्ती, तिनं लिहून नेलं का मासेमारीवाले वीसबी नाईत, बाकी सारे मजूर. आता वरती कोनतरी दोन्ही कागद बाजूबाजूनं ठेवले. साहेब म्हनते, खरं काय थे पान्यातच पाहू. यादीतला एकूनएक मानूस जाऱ्यासंग पान्यात दिसला पायजे. फोटो पाठवाचा हाय."

आता यातला कोणता कागद खरा हे विचाराल, तर त्याचं उत्तर ब्रह्मदेवालाही देता आलं नसतं. ठेका टिकवायचा तर सभासद भरपूर हवेत. ते कमी पडले की तलाव गेलाच ठेकेदाराच्या घशात. म्हणून केवळरामनं टोल्यातला शिंपी, किराणावाला, टेम्पोवाला, अशी जाळ्याचं टोक कोणतं आणि पोट कोणतं हेही न कळणारी मंडळी कागदावर मच्छीमार करून टाकली होती. तीच मंडळी सर्व्हेवाली दारात आली की चेहरा पाडून "आमी मजूर, बाई, आमची कायची कमाई" म्हणत, कारण कमाई जास्त दिसली तर रेशनकार्ड जाईल ही धास्ती. आणि ज्या बाया रोज पहाटे उठून कडेच्या पाण्यात हातजाळं मारत, त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं, मासेमारी पुरुष करतात, आम्ही आपल्या घरी असतो. एका टोल्याचे असे दोन टोले झाले होते, एक मासे विकून गबर झालेला आणि दुसरा भुकेला. खरा टोला मधल्यामध्ये भात-चटणी खाऊन झोपत होता.

"मी उतरतो ना," भागीरथा म्हणाली. "त्याच्या जागेवर मीच उभी राहीन. तलाव मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाय."

"यादीत पुरुष लिहून हाय. साहेब काय आंधरा हाय का?" केवळरामनं बशी खाली ठेवली. "मी उमेंद्रले फोन केला. थो येऊन राहिला बुधवारी."

भागीरथा काहीतरी बोलली, पण काय बोलली ते तिलाच ऐकू आलं नाही. केवळराम फाटकाबाहेर पडला तरी ती तशीच उकिडवी बसून होती. कोंबडी फुलांत शिरली, तरी तिनं तिला हाकललं नाही.

उमेंद्र तिचा एकुलता एक. गोंदियाजवळ कुडव्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तिथं त्याला तिनंच धाडलं होतं, बाप गेल्यावर पंधरवड्यातच. पोराला पाण्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यायचं, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं. ढिवराच्या पोटी जन्मून त्याला पोहता येत नव्हतं, कारण लहानपणी एकदा बुडता बुडता वाचल्यापासून तो घाबरायचा आणि बापानं कधी जबरदस्ती केली नाही. शालिकराम हसायचा, म्हणायचा, घरात एक पोहणारा पुरे.

आणि तो एकच पोहणारा बुडाला.

तो कसा बुडाला हे सांगायचं तर टोल्याची एक रीत सांगावी लागते. पाण्यात उतरलेली माणसं मोजायची नाहीत. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कुणी बोट दाखवून एक-दोन करायला लागलं तर म्हातारे त्याच्या बोटावर फटका मारत. मोजलं की पाण्यालाही हिशेब कळतो आणि ते आपला एक मागतं, असं सगळे मानत. जाळं बाहेर आलं की घराघराचं नाव घेत काठावर माशांचे वाटे घालायचे आणि ज्यानं दोर ओढला त्यानं आपला वाटा आपल्या हातानं उचलायचा. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. वाटा उचलला की कळायचं, माणूस काठावर आहे.

त्या दिवशी मासळी खूप लागली होती. रोहू, कतला, हातभर मरळ. आरडाओरडा, थट्टा, कुणी बिडी पेटवलेली. भागीरथा पाटी घेऊन उभी होती आणि मनात मसाला वाटत होती. एकेकानं वाटा उचलला. एक उरला. तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. शालिकराम झुडपामागं गेला असेल, असं तीच म्हणाली. वाट्यातल्या मरळी तडफडायच्या थांबल्या, तेव्हा कुठं लोकांनी एकमेकांची तोंडं पाहायला सुरुवात केली. मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, पण मोजायचं नाही ना! गाळ उपसायला आलेल्या जेसीबीनं आदल्या उन्हाळ्यात तलावाच्या एका बाजूला, काठच्या बाभळीसमोर मोठा खड्डा करून ठेवला होता. त्या खड्ड्यात जाळं अडकलं, ते सोडवायला तो खाली गेला आणि दोरात गुंतला. काठावर वाटे पडत होते तेव्हा तो खाली होता. दुसऱ्या दिवशी सापडला.

पंचायतीत त्याचा मृत्यू नोंदवला गेला. संस्थेत मात्र तो जिताच राहिला, आणि ते भागीरथानं राहू दिलं. टोल्यात ढिवराच्या एका घराचं एकच नाव चालतं, आणि ज्याचं नाव त्यानं दोर ओढायचा. बायांची नावं यादीत घेत नाहीत. बापाचं नाव काढलं असतं तर लेकाचं लावावं लागलं असतं. "राहू दे त्याचंच," असं ती केवळरामला म्हणाली होती, आणि केवळरामला तर आकडा कमी नकोच होता. मेलेल्याला पाणी दुसऱ्यांदा नेत नाही, असा तिचा हिशेब. तेव्हापासून शालिकरामाचा वाटा काठावर पडतच नसे. वाटे घालायच्या आधीच केवळराम तो गुपचूप तिच्या पाटीत टाकायचा, म्हणजे उरायला नको.

त्या संध्याकाळी ती उदारामबाबाकडे गेली. उदाराम शालिकरामाचा चुलता, जाळ्याच्या ओळीचा मुखत्यार. कोण कुठं उभा राहील हे त्याचा शब्द ठरवायचा.

"बाबाजी, पोराले कडंले तरी उभा करा. कमरेइतक्या पान्यात."

म्हाताऱ्यानं जाळ्याची एक गाठ ओढून पाहिली, मग सोडली.

"जागा घराची ऱ्हाते, सूनबाई. मानसाची नाई. शालिकच्या घराची जागा खड्ड्याकडच्या टोकाले. त्याच्या बापाचीबी तिथंच होती. थे बदललं तर बाकीचे पान्यात उतरत नाईत."

"त्याले पोहता येत नाई, बाबाजी!"

"मले माहीत हाय. मी त्याच्या जवर राहीन." आणि मग आवाज उतरवून, "मले आता उजव्या डोऱ्यानं दिसत नाई, थे मात्र कोनाले सांगू नोको."

घरी परतताना तिला वाटलं, सरळ साहेबालाच सांगावं. नवरा मेला, नाव खोटं, पोराला सोडा. पण एक नाव खोटं निघालं की साहेब दुसरं उकरणार, मग तिसरं. यादी ढासळली की ठेका गेला. ठेका गेला की कडेच्या पाण्यात हातजाळं मारायलाही ठेकेदाराची माणसं कुणाला उभं करणार नाहीत. टोल्यातल्या बाया काय खातील? आणि तिच्या दारासमोरून जाताना काय बोलतील? वाटेत केवळराम भेटला, त्यानं तर न विचारताच सांगून टाकलं, "तोंड उघडशीन त साऱ्या टोल्याच्या पोटावर पाय पडंल. अना खोटं नाव चालवलं म्हनून पयले तुयावरच येईल." एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मध्ये तिचं पोर.

उमेंद्र बुधवारी आला. कानाला ब्लूटूथ, केसांना जेल, हातात तिच्यासाठी गोंदियाहून आणलेली बालूशाही.

"माय, तू फालतू टेन्शन घेऊन राहिली. बस फोटोपुरतं तर उभं राहाचं हाय. पाच मिनिट."

"पान्यात पाच मिनिट लय ऱ्हातेत."

"बाबाच्या नावानं एक बार हाजिर म्हनाचं, बस. साऱ्या टोल्याचं काम हाय. नाई म्हनलं त लोक काय म्हनतीन?"

असं म्हणाला खरा, पण जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबत होता. बाहेर तलावाकडून बेडकांचा आवाज आला की तो मान वर करायचा. भागीरथानं ते पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. बोललं असतं तर दोघंही रडली असती. त्यानं बालूशाही खाल्ली नाही, तिनंही नाही.

गुरुवारी उन्हं वर आल्यावर जीप आली. साहेब तरुण होते. पायात पांढरे स्वच्छ बूट, बोलणं गोड, आणि डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळी वर्तुळं. वाईट माणूस नव्हता बिचारा. "मलाही वर उत्तर द्यायचं आहे हो," असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता. घाबरणारे काही फक्त टोल्यातच होते असं नाही.

पाळीवर टोला लोटला होता. मुन्नालाल शिंप्यानं पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि दुमडही शिंप्याचीच, अगदी सरळ. किराणावाल्यानं बुडू नये म्हणून कमरेला रिकामे डबे बांधले होते. एरवी हे पाहून भागीरथा पोट धरून हसली असती. आज तिला त्यांच्याही चेहऱ्यावरचं भय दिसत होतं, आणि त्यामुळे तिचं स्वतःचं अधिकच वाढत होतं. ज्यांना पोहता येत नाही अशी अर्धी ओळ आज पाण्यात जाणार होती.

साहेब यादी वाचू लागले. एकेक नाव, आणि एकेक "हाव साहेब". मग ते म्हणाले,

"शालिकराम गोवर्धन वलथरे."

पाळीवरच्या बाया एक पाऊल मागं सरल्या. तीन वर्षांत हे नाव कुणी असं मोठ्यानं हाक मारल्यासारखं घेतलं नव्हतं, आणि तेही तलावाकडे तोंड करून. भागीरथाला वाटलं, आता पाण्यातूनच उत्तर येतं की काय.

"हजर, साहेब," उमेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बापासारखाच होता. तिला आजवर ते कधी कळलंच नव्हतं. तिनं शेजारणीचा दंड धरला.

जाळं डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, पसरलं गेलं. जाळं तरंगत ठेवणाऱ्या वाळक्या भोपळ्यांची रांग पाण्यावर वाकडी झाली. दोन्ही दोर धरून माणसं उतरली, आणि उमेंद्र उतरला तो थेट टोकाला, बापाच्या जागी. पाणी त्याच्या कमरेच्या वर होतं. उदारामबाबा त्याच्या शेजारी होता, दिसणारा डोळा दुसऱ्या बाजूला.

मग साहेबांनी बोट वर केलं आणि मोजायला लागले. मोठ्यानं.

"एक, दोन, तीन..."

"साहेब! पान्यात मोजू नोका!" उदारामबाबा ओरडला. त्याचा आवाज चिरकला. ओळ थबकली. दोघातिघांनी दोर सोडून कानावर हात ठेवले.

"अहो आजोबा, मोजायलाच तर आलोय," साहेब हसून म्हणाले, आणि पुढं मोजत राहिले. मग मोबाइल वर धरला. "सगळे फ्रेममध्ये येत नाहीत. शेवटचे काही थोडं आणखी आत सरका. जाळं ताणलेलं दिसायला हवं."

ओळ आत सरकली. भागीरथा पाळीवर उभी होती, आणि तिचे पाय मात्र पाण्याखालची जमीन चालत होते. त्या खड्ड्याची कडा तिला ठाऊक होती. रोज सकाळी ती पायानं चाचपत तिथवर जाई आणि तिथून मागं वळे. त्या बाभळीच्या सरळ रेषेत, काळ्या पाण्याचा पट्टा जिथं सुरू होतो तिथं. उमेंद्रची पाठ त्या पट्ट्याकडे होती.

"थोडं अजून," साहेब म्हणाले.

ओरडावं असं तिला वाटलं. घसा उघडला, पण आवाज निघेना. तिला केवळराम दिसत होता, पाळीवरच्या साऱ्या बाया दिसत होत्या, त्यांच्या रिकाम्या पाट्या दिसत होत्या. एक शब्द बोलायचा अवकाश, पोर बाहेर आलं असतं आणि तलाव गेला असता. ती गप्प राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. पण ती गप्प राहिली हे खरं, आणि ते तिला पुढं जन्मभर पुरणार होतं.

उमेंद्रनं एक पाय मागं टाकला आणि तो गेला.

ओरडलासुद्धा नाही. पाण्यावर फक्त दोर धरलेली मूठ राहिली. उदारामबाबाला त्या बाजूचं दिसत नव्हतं. मुन्नालालनं पाहिलं, पण त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. साहेब मोबाइलच्या पडद्याकडे पाहत होते.

भागीरथा कधी धावली, पाण्यात कधी शिरली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. लुगडं पायात गुंडाळलं जात होतं, चिखल पोटऱ्या धरत होता. "बाई, तुम्ही यादीत नाही, बाहेर या, फोटो खराब होतोय," असं कुणीतरी म्हणत होतं. खड्ड्याच्या कडेशी पोचली तशी तिनं बुडी मारली आणि पोराचे केस हाताला लागले. गच्च धरले. वर ओढलं, तर तो येईना. त्यानं दोर सोडला नव्हता. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि त्याच्या हाताला लागला होता तो जाळ्याचा दोर. जाळं त्याला खाली नेत होतं.

तिनं त्याच्या मुठीला चावा घेतला. कडकडून. मूठ सुटली.

दोघं वर आली तेव्हा उमेंद्रचे डोळे पांढरे झाले होते. मग तो खोकला, पाणी ओकला, आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. तिनं त्याला बाबाच्या अंगावर ढकललं. "न्या याले! काठावर न्या!"

"दोर धर, सूनबाई!" बाबा ओरडला. "टोक सुटलं त जारं खड्ड्यात जाईल अना ओळ ओढून नेईल!"

खरंच होतं ते. दोर वळवळत आत चालला होता, आणि पोहता न येणारी अर्धी ओळ त्याला बांधल्यासारखी लटकून होती. भागीरथानं दोर धरला, टाचा कडेत रोवल्या. नवऱ्याच्या जागी उभी राहून तिनं दोर ओढला. पायाखालच्या काळ्या पाण्यातून कुणी आपलाही घोटा धरेल असं तिला दर श्वासाला वाटत होतं. ती रामनाम घेत नव्हती, काही नाही. "नोको, नोको, नोको," एवढंच म्हणत होती.

जाळं बाहेर आलं. मासळी बरी होती, पण कुणी ओरडलं नाही.

"आता वाटप दाखवा," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण काम अर्धवट सोडून जायची त्यांच्यात हिंमत नव्हती. "यादीप्रमाणे, प्रत्येकाच्या नावानं. तेवढं झालं की मी निघतो."

केवळराम गडबडला. नेहमीसारखं आधीच पाटीत टाकायला आज जागाच नव्हती, साहेब समोर उभे. त्यानं नावं घेत काठावर वाटे घातले. एकेकजण येऊन आपला उचलू लागला. मुन्नालालनं उचलला, किराणावाल्यानं उचलला, टेम्पोवाल्यानं, बाबानं.

एक वाटा उरला.

सगळी हालचाल थांबली. उन्हात चमकणारी ती मासळी, दोन रोहू आणि एक मरळ, शेपटी आपटत होती. उदारामबाबा पाण्याकडे वळला.

"कोन राहिला पान्यात?" त्याला धाप लागली होती. "अरे, कोन राहिला?"

माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. एकजण डोंग्याकडे पळाला. एका बाईनं आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन किंकाळी फोडली, आणि तो तिच्या मागेच उभा होता. सगळ्यांना ठाऊक होतं हा वाटा कोणाचा, आणि तरीही त्या क्षणी कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची ती दुपार जशीच्या तशी परत आली होती.

"काय झालं? कोणाचा आहे हा?" साहेबांनी विचारलं.

"शालिकरामचा, साहेब," केवळराम घाईनं म्हणाला. "थो तिकडं बसून हाय ना, तब्येत खराब झाली त्याची. घेईल मंग."

"मग त्यांना म्हणावं उचला. त्यांचा एकट्याचाच राहिलाय."

उमेंद्र टॉवेल गुंडाळून बसला होता. तो उठला. त्याला बिचाऱ्याला एवढंच कळत होतं की हे लवकर संपायला हवं. लटपटत आला, बापाच्या वाट्यापाशी वाकला आणि हात पुढं केला.

"हात लावू नोको!"

आता भागीरथाचा आवाज निघाला, आणि असा निघाला की पाळीवरचे बगळे उडाले. तिनं पोराला मागं खेचलं आणि त्याच्या आणि वाट्याच्या मध्ये उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होतं, दात वाजत होते.

"साहेब, हा वाटा ज्याचा हाय थो मेला. याच तलावात, याच खड्ड्यात. तीन सालं झाली."

"पण सकाळी ते हजर..."

"थो माजा पोरगा. त्याले पोहता येत नाई. म्याच त्याच्या बापाचं नाव जितं ठेवलं, साहेब. भेवानं ठेवलं. मले वाटलं, मेलेल्याले पानी दुसऱ्या बार नेत नाई. अना आज थेच नाव माज्या पोराच्या गऱ्यात बांधून तुमी त्याले त्याच जागी उभा केला."

"वहिनी!" केवळराम ओरडला. "सारं डुबवलं तू! सारं डुबवलं!"

ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. तिनं तो वाटा ओंजळीत, मग पदरात गोळा केला. बाईनं वाटा उचलायचा नाही, ही रीत त्या वेळी कुणाला आठवली नाही. पाणी गुडघ्याला लागेतो ती आत गेली आणि पदर सोडला. मरळ लगेच सटकली. रोहू जरा वेळ आडव्या तरंगल्या, मग त्याही गेल्या.

"घे," ती पाण्याला म्हणाली. "तुजा वाटा घे. तीन साल म्या खाल्ला, आता तूच ठेव. पन माज्या पोराले नोको मागू. पाया पडतो तुया, नोको मागू."

पाणी हललं आणि स्थिर झालं. तिची भीती गेली नाही. आता तलाव राहील की जाईल, उद्या दारावर कोण येईल, हे सगळं तिच्यासमोर उभंच होतं. पण उमेंद्र काठावर खोकत होता, आणि त्या खोकल्याइतका गोड आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

ती वळली. मागं मुन्नालाल शिंपी घोटाभर पाण्यात उभा होता. आपला वाटा त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

"मी त शिलाई करतो, साहेब," तो पाण्याकडे पाहतच म्हणाला. "आजच्या आधी म्या कधी दोर ओढला नाई. हे मले नोको."

त्याच्यामागं किराणावाला होता, कमरेला अजून डबे. त्याच्यामागं टेम्पोवाला. पाळीवरून एकेकजण उतरत होता, आपापला वाटा पाण्यात सोडायला. साहेबांचं बोट सवयीनं वर उठलं, ओळीकडे वळलं, आणि हवेतच थांबलं. मग त्यांनी ते खाली घेतलं, मोबाइलही खिशात ठेवला.

या वेळी त्यांनी मोजलं नाही.